रिपोर्टमधला ठळक आकडा नेमकं काय सांगतो?

रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. "अरे, माझं पोटॅशियम बघ. काळ्याकुट्ट अक्षरांत छापलंय, शेजारी वर जाणारा बाण. ५.९. शेजारच्या मुलीनं मोबाईलवर बघितलं तर म्हणे हृदय बंद पडतं यानं!"

"तुला होतंय काय पण?"

"मला काय होणार? आत्ताच आठ भाकऱ्या थापून उठलेय."

आत्याला कुणी डॉक्टरनं तपासणी सांगितली नव्हती. साठीनिमित्त मुलानं "फुल बॉडी" पॅकेज भेट दिलं होतं. रविवारी सकाळी एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. पूर्वी रिपोर्ट बंद पाकिटातून डॉक्टरांकडे जायचा आणि ते सांगतील तेवढंच आपल्याला कळायचं. आता पाकीट आपणच फोडतो, तेही बहुतेक वेळा रात्री, दवाखाना बंद झाल्यावर. मी काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे नातेवाइकांच्या पीडीएफ माझ्याकडे येतात. डॉक्टर मी नाही. पण तो आकडा तयार कसा होतो ते जवळून पाहिलंय, आणि माझ्या मते लोकांची निम्मी घाबरगुंडी तेवढं समजलं तरी उतरेल.

रेंज ठरवतं कोण?

रिपोर्टमध्ये तुमच्या आकड्यासमोर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ पोटॅशियमसमोर ३.५ ते ५.१. याला संदर्भ मर्यादा म्हणतात, बोलताना नुसतं "रेंज". ती काढण्याची पद्धत साधी आहे. निरोगी वाटणारी माणसं गोळा करायची, निदान १२० तरी, आणि सगळ्यांचं रक्त तपासायचं. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे. मधले ९५ टक्के उरले ती रेंज.

म्हणजे ज्यांचं रक्त वापरून रेंज बनवली, त्या धडधाकट माणसांपैकीही दर वीसांमागे एक जण तिच्या बाहेरच पडतो. आजारी म्हणून नव्हे, कात्री तिथे लावली म्हणून. दुकानात तयार शर्ट मिळतात ते बहुतेकांच्या मापाचे. साडेसहा फुटी माणसाला त्यातला एकही बसत नाही, म्हणून त्याला आपण आजारी म्हणत नाही.

आता आत्याचं पॅकेज घ्या. एका चाचणीत निरोगी माणूस रेंजमध्ये बसण्याची शक्यता ९५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर विसांच्या वीस रेंजमध्ये बसण्याची शक्यता उरते जेमतेम ३६ टक्के. म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या ६४ जणांच्या रिपोर्टमध्ये कुठे ना कुठे एक ठळक आकडा असणारच. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी थोड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हिशेब अगदी इतका काटेकोर बसत नाही, पण गणिताची दिशा हीच. संगणकाला फक्त रेषेच्या आत की बाहेर एवढंच कळतं. रेषेपासून केसभर बाहेर आणि मैलभर बाहेर, दोन्हीला तो तेवढीच शाई वापरतो.

आणखी एक गोष्ट लॅबवाले सहसा बोलत नाहीत. बऱ्याच ठिकाणी ही रेंज तिथल्या माणसांवरून काढलेली नसते. रसायनांच्या किटसोबत कंपनी जी पत्रिका देते तिच्यातून उचललेली असते. ती माणसं कुठल्या देशातली, काय खाणारी, कोण जाणे.

मग साखरेची १२६ ची रेषाही अशीच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. काही रेषा गर्दीवरून काढलेल्या नसतात, धोक्यावरून काढलेल्या असतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह म्हणायचं. याच्या पुढे डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचं प्रमाण वाढताना दिसतं, म्हणून ती रेषा तिथे आहे. कोलेस्टेरॉलचंही तसंच. आपल्याकडे अर्ध्या गावाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल, म्हणून ते "नॉर्मल" ठरत नाही. इथे मात्र "थोडंसंच वर आहे" म्हणून फाईल कपाटात टाकू नये. तरीही त्रास काहीच नसेल तर एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या तपासणीनं तो पक्का करायचा असतो.

ड जीवनसत्त्वाचं उदाहरण गमतीचं आहे. एका मोठ्या तज्ज्ञ गटाचं म्हणणं २० पुरे, दुसऱ्यानं २०११ मध्ये ३० ची रेषा आखली, आणि २०२४ मध्ये ती सोडूनही दिली. तरी बऱ्याच लॅब ३० छापतात. त्यामुळे २४ आकडा असलेला माणूस एका रेषेनं ठणठणीत आणि दुसरीनं "कमी". औषधाच्या दुकानात कुठली रेषा जास्त आवडते ते वेगळं सांगायला नको.

सुई ते मशीन

लोकांना वाटतं चूक झालीच तर मशीनची. मशीन त्या मानानं बिचारं सरळ असतं. रोज सकाळी त्याला आधी माहीत असलेल्या आकड्यांचे नमुने देऊन तपासतात. बहुतेक गडबड त्याच्या आधीच झालेली असते: शिरेतून ट्यूबमध्ये आणि ट्यूबमधून लॅबपर्यंतच्या प्रवासात.

ट्यूबच्या बुचांचे रंग शोभेला नसतात. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचबीएवनसी यातून होतात. लाल किंवा पिवळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वापरतात. थायरॉईड, किडनी, लिव्हर त्यातून. फिकट निळी ट्यूब रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघण्यासाठी; ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. राखाडी बूच साखरेसाठी. नुसत्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर त्यातल्या पेशी जिवंत असतात, भूक लागली की साखर खातात, आणि तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर गायब होते. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराईड पेशींचं हे खाणं बंद करतं, पण तेही लगेच नाही, तास-दोन तास घेऊन.

ट्यूब भरण्याचाही क्रम असतो, जांभळी नेहमी लाल-पिवळीच्या नंतर. कारण जांभळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं. तिच्यातला एखादा थेंब लाल ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम उगाच वाढतं आणि कॅल्शियम उगाच उतरतं.

आता आत्याची गोष्ट. तिची शीर सापडत नव्हती. त्या मुलानं दंडाला पट्टा आवळला, "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" केलं, दोनदा टोचलं, मग सिरिंजनं जोरात ओढून घेतलं. पोटॅशियम पेशींच्या आत भरपूर आणि बाहेर अगदी थोडं असतं. गोणीत गहू भरलेला आणि अंगणात चार दाणे सांडलेले, असं समजा. आपण अंगणातले दाणे मोजत असतो. मूठ उघडमीट केली की हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं. पट्टा मिनिटापेक्षा जास्त राहिला तर रक्त त्या जागी घट्ट होतं. जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे गोणीच फाटते. पुढे तो मुलगा दिवसभर उन्हात मोटारसायकलवर, आणि ट्यूब बर्फाच्या पेटीत. दुधासारखं रक्तही गारव्यात ताजं राहतं असं आपल्याला वाटतं. पण सीरम वेगळं न करता रक्त गार ठेवलं तर पोटॅशियम आत ओढून धरणारा पेशींचा पंप मंदावतो आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं.

मग मी आत्याला "काही नाही गं, झोप" म्हटलं का? नाही. ५.९ खरं असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं, आणि आत्या रक्तदाबाची एक अशी गोळी घेते जिच्यानं पोटॅशियम खरोखरच वाढू शकतं. त्याच रात्री जवळच्या हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढला, पट्टा न आवळता पुन्हा रक्त घेतलं, लगेच तपासलं. ४.३ आलं. संशयास्पद आकड्यावर उत्तर हेच असतं: नीट पद्धतीनं, लवकर, पुन्हा तपासणी.

दोन लॅबचे दोन आकडे आले, खोटं कोण?

बहुधा कुणीच नाही. हिमोग्लोबिन एका ठिकाणी ११.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १२.२ आलं तर तो फरकच नव्हे. शरीर तासातासाला बदलतं. थायरॉईडसाठी मोजतात ते टीएसएच पहाटेकडे जास्त असतं आणि दुपारी उतरतं. पोटभर पाणी पिणं, उभं राहणं, आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळणं, सगळ्याचा आकड्यावर परिणाम होतो. शिवाय लॅबनुसार पद्धत वेगळी. म्हणून एकाच आजाराचा पाठपुरावा करायचा असेल तर लॅब एकच ठेवावी आणि वेळही साधारण एकच.

घरच्या ग्लुकोमीटरला तर नियमातच सूट आहे. साखर १०० च्या वर असेल तर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. लॅबमध्ये २०० आणि यंत्रावर १८०, म्हणून यंत्र फेकून देऊ नका.

एककांकडेही बघा. लंडनला राहणाऱ्या भावानं "माझी साखर सात आली" म्हटलं की इथे सगळे हसतात. तिकडचा आकडा अठरानं गुणला की आपला आकडा येतो. सात म्हणजे १२६. हसण्यासारखं काही नाही. प्लेटलेटसुद्धा कुठे १.५ लाख छापतात, कुठे १५०. तो १५० हजारांत असतो. "पेशी दीडशेवर आल्या" म्हणून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

पावसाळा आला की विडाल

जुलै उजाडला की तापाच्या रांगा लागतात, आणि "टायफॉईड निघाला" हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं. तो बहुतेक वेळा विडाल चाचणीनं निघालेला असतो. ही चाचणी १८९६ ची, फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावाची. ती जंतू शोधतच नाही. जंतूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं ती शोधते. चोर घरात आहे का, हे न बघता दाराला कुलूप आहे का ते बघण्यासारखं. कुलूप मागच्या वर्षीच्या चोरीनंतर लावलेलं असू शकतं.

आपल्याकडे टायफॉईडचे जंतू पाण्यातून इतके फिरतात की धडधाकट माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडं थोडीफार सापडतात. लस घेतली असेल किंवा पूर्वी आजार होऊन गेला असेल तरी सापडतात. दुसऱ्या तापांतही कधीकधी आकडा चढतो. आणि खरा टायफॉईड असेल तर पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं बनायलाच वेळ लागतो. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली एकच विडाल पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, तिच्यावर फारसं काही ठरत नाही. टायफॉईडसाठी भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. महाग असतं, तीन-चार दिवस लागतात, म्हणून टाळलं जातं. अडचण खरी आहे. पण दरवर्षी टायफॉईड "निघणाऱ्या" माणसानं एकदा तरी डॉक्टरांना विचारावं, कल्चर करू या का?

डेंग्यूतही दिवस मोजावे लागतात. एनएसवन ही विषाणूचा अंश शोधणारी चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची, आयजीएम ही प्रतिपिंडं शोधणारी त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएसवन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं होत नाही. आणि "पेशी" अचानक फार कमी दिसल्या, पण रुग्ण छान हिंडतोय, तर एक शक्यता अशीही असते की जांभळ्या ट्यूबमध्ये प्लेटलेटचे गठ्ठे झाले आणि मशीननं गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजलंच नाही. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की ते कळतं.

पण सगळं एकदा तपासून घेतलं तर बिघडलं कुठे?

हा आत्याच्या मुलाचा प्रश्न, आणि तो प्रेमापोटीच विचारतो. आधी पॅकेजचं अंकगणित बघू. "७२ चाचण्या" म्हणतात तेव्हा सीबीसीतला एकेक आकडा वेगळी चाचणी म्हणून मोजलेला असतो. त्यातले कित्येक तपासलेलेच नसतात, भागाकार करून काढलेले असतात. व्हीएलडीएल हा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार, म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) भागिले पाच. ए-जी रेशो म्हणजे दोन प्रथिनांचा भागाकार. ही कामं पाचवीतला मुलगा करेल.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. समजा दहा हजार धडधाकट माणसांत दहा जणांना एखादा लपलेला आजार आहे. चाचणी उत्तम आहे: दहातले नऊ पकडते, आणि निरोग्यांपैकी शंभरात फक्त पाच जणांना चुकून आजारी म्हणते. उरलेल्या ९,९९० लोकांचे पाच टक्के म्हणजे सुमारे ५००. एकूण ५०९ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यातले खरे नऊ. शेतावरचा कुत्रा कोल्ह्यावर भुंकतो तसा वाटसरूवरही भुंकतो. ज्या वाटेवर कोल्हे क्वचित आणि वाटसरू फार, तिथे प्रत्येक भुंकण्याला काठी घेऊन धावत सुटलं तर शेती कोण करणार? हीच चाचणी लक्षणं असलेल्या, डॉक्टरांनी पोट चाचपून पाठवलेल्या शंभर जणांत केली, ज्यांत तीस खरे आजारी आहेत, तर तिचं उत्तर एकदम वजनदार होतं. चाचणी तीच. विचारण्यामागे कारण होतं, एवढाच फरक.

कॅन्सर मार्करांच्या, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात त्या पदार्थांच्या बाबतीत हे फार जाणवतं. सीए-१२५ मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराशी संबंधित आजारात वाढतं. पीएसए प्रोस्टेटच्या साध्या सुजेनं वाढतं. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत जरा जास्तच असतं. कारण नसताना ही मार्करं करणं म्हणजे झोप विकत देऊन काळजी विकत घेणं. याउलट वयाच्या तिशीनंतर साखर, अधूनमधून कोलेस्टेरॉल, मुलींचं आणि बायकांचं हिमोग्लोबिन तपासणं शहाणपणाचं, आणि ते स्वस्तही आहे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात महालॅब या सरकारी तपासणी योजनेमार्फत अशा तपासण्या मोफत होतात. चकचकीत जाहिरात नसते इतकंच.

आणि सगळं नॉर्मल आलं तर?

तरी छातीत दुखत असेल तर दवाखान्यात जायचंच. हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, वाढायला काही तास लागतात; दुखायला लागल्या लागल्या घेतलेलं रक्त निर्दोष येऊ शकतं, म्हणून ते पुन्हा घेतात. एचबीएवनसी तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर आधारलेली असते. लोह कमी असेल तर ती खोटी चढते. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकल सेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, तिथे ती दिशाभूल करू शकते.

जाण्याआधी, खुर्चीत, नंतर

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास अन्न नाही. साधं पाणी चालतं, उलट प्यावंच, शीर लवकर सापडते. बिनसाखरेचा चहा चालत नाही. सोळा तासांचा उपास करून बहादुरी दाखवू नये. नुसतं कोलेस्टेरॉल बघायचं तर उपाशी असण्याची गरज नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सांगितलं. ट्रायग्लिसराइड फार चढलेलं असेल तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करतात. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. त्या दिवशी नेहमीची मधुमेहाची गोळी नेहमीसारखीच जेवणाबरोबर घ्यायची, कारण गोळीसकट साखर किती राहते तेच बघायचं असतं. पण सकाळी उपाशी असताना इन्सुलिन किंवा गोळी घेऊन बसू नका. थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. काही मशीनमध्ये तिच्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं, थायरॉईड वाढल्यासारखं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायलिसिसचा हात, स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू, हेही आधी सांगा. सलाईन सुरू असलेल्या हातातून रक्त घेऊ देऊ नका. त्यात सलाईनच मोजलं जाईल.

रक्त बघून चक्कर येत असेल तर लाजू नका, आडवं पडून द्या. "एवढ्या बाटल्या भरल्या" म्हणून अशक्तपणा येत नाही. चार ट्यूब मिळून पंधरा-वीस मिली, चार चमचे. रक्तदानात ३५० मिली देतात. ट्यूबवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जातंय ना, एवढं बघा. आडनावं सारखी असलेल्या गावात ही छोटी गोष्ट नाही. सुई काढल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवा. कोपरात दुमडला की काळंनिळं होण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट आल्यावर ठळक आकडा रेषेच्या किती बाहेर आहे ते आधी बघा, मग मागच्या वेळी तो किती होता ते. लॅबनं स्वतःहून फोन केला तर मात्र उद्यावर ढकलू नका. धोक्याच्या आकड्यांसाठीच ते असा फोन करतात. जुने रिपोर्ट टाकू नका. आत्याकडे २०१४ पासूनची फाईल निघाली, गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन दहा वर्षं ०.८ आणि ०.९ च्या मध्येच. त्या रात्री ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलण्याआधी ती फाईल पाच मिनिटं चाळली, आणि मग आत्याला विचारलं, "काकू, रक्त घेताना मूठ किती वेळा उघडायला लावली होती?"